चष्म्याची खुंटी

आमच्या घरात कुणी आजारी पडलं की औषधाच्या आधी हत्यारांची पेटी उघडते. बाबा सुतार, मी सुतार आणि आई पॉलिशवाली. कुणाला ताप आला तर आधी पलंगाचे पाय डुगडुगतात का ते बघणारी माणसं आम्ही. त्यामुळे आई कारखान्याच्या पायरीवरून घसरली, उजव्या खांद्याचं हाड चिरलं आणि ती हात गळ्यातल्या झोळीत घालून घरी आली, तेव्हा मी काय केलं असेल ते सांगायला नको. मी टेप काढला आणि घर मोजायला घेतलं.

खाली कारखाना आणि वर घर, असं आमचं आहे. वरची प्रत्येक वस्तू मी आईसाठी सोपी करून टाकली. डब्यांची फळी भिंतीवरून उतरवून कमरेच्या उंचीवर बसवली. खिडकीची कडी वरून काढून खाली लावली. कोपरानं ढकललं तरी उघडतील इतकी दारं हलकी केली. तिच्या पलंगाच्या उजव्या हाताला एक छोटं कपाट नवंच बनवलं. त्याचा वरचा खण बोटाच्या टोकानं सरकायचा. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून झालेली ती सगळ्यात चांगली वस्तू होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो उघडून दाखवायचे. आत आईच्या पेपरमिंटच्या गोळ्या आणि शब्दकोड्यांच्या पेन्सिली एवढंच असायचं, पण पाहुण्यांना त्या बघाव्या लागायच्या.

राहता राहिली चष्म्याची खुंटी. आईला शब्दकोड्यांचं वेड आहे आणि चष्मा हरवण्याची सवय. म्हणून बाबांनी फार पूर्वी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, पार डोक्याच्या वर, चष्म्याची दोरी अडकवायला एक लाकडी खुंटी बसवली होती. एवढी उंच का, तर मी तेव्हा रांगत होते आणि दिसेल ते तोंडात घालत होते. मी मोठी झाले, खुंटी तिथंच राहिली. ती मी आता उपटली आणि कमरेशी आणली. चौकट रुंद, जुन्या गडद लाकडाची, आईनं स्वतः पॉलिश केलेली. तिच्यावर वरचं रिकामं भोक फार वाईट दिसायला लागलं.

"या भोकाचं काय करायचं?" मी बाबांना विचारलं.

"राहू दे. पुढचं ती बघेल."

हे बाबांचं पेटंट वाक्य. लग्न झाल्यापासून ते हेच म्हणत आलेत. बाबांचा सांधा केसभरही हलायचा नाही, पण सांधा बसला की त्यांचा त्या लाकडातला रस संपायचा. फटीत भुसा आणि गोंद कालवून कोंबायचे, तो पांढराफटक डाग तसाच ठेवायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. मग आई यायची. तिच्याकडे रंगाच्या इवल्याशा बाटल्या, उंदराच्या शेपटीसारखा एक बारीक ब्रश आणि कापडाचा बोळा. ती त्या डागाला रंग द्यायची, त्यावरून लाकडाच्या रेषा ओढायची, मग लाख आणि स्पिरिटचा बोळा गोल गोल फिरवत राहायची. अर्ध्या तासानं बाबांना स्वतःलाच डाग सापडायचा नाही. "बघेल म्हटलं होतं ना?" असं ते मला अशा थाटात म्हणायचे, जसं काही त्यांनीच ते केलं होतं.

आई पडली तेव्हा एक काम अर्धवट होतं. दातांच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यासाठी मोठं कपाट. डावं दार पॉलिश होऊन तयार, इतकं नितळ की त्यात तोंड बघून मी बट सारखी करायचे. उजवं दार कोरं. बाबांनी ते कपाट कारखान्याच्या कोपऱ्यात चादर टाकून ठेवलं. आईनं झोळीतूनच हुकूम सोडला होता, "त्याला कुणी हात लावायचा नाही. माझा खांदा बरा झाला की मी करीन."

झोळी निघाली. हाड जुळलं होतं. खांदा मात्र उघडेना. हात पुढे केला की पोटाच्या उंचीवर अडायचा, त्याहून वर नेला की आईचा चेहरा पांढरा पडायचा.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. शांत, बुटक्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी आईला भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "बोटांनी भिंत चढत वर जायचं. रोज थोडं वर."

"मी काय पाल आहे?" आई म्हणाली.

बाई हसल्या, पण बाई गेल्यावर आई एकदाही भिंत चढली नाही. दुखतं, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "उगीच रिकाम्या भिंतीवर हात फिरवत बसायचं? काही काम असेल तर सांगा." हे मात्र तिचं खरंच आहे. आमच्या आईला कामाशिवाय हात हलवता येत नाही. तिला कुणी टाळ्या वाजवायला सांगितल्या तरी ती विचारेल की कशासाठी.

पुढच्या खेपेला बाईंनी खांदा वाकवून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्या घरभर फिरल्या. फळी बघितली, कडी बघितली, खुंटी बघितली. माझा खण बोटानं सरकवून बघितला.

"कुणी केलं हे सगळं?"

"मी," मी फुगून म्हणाले.

"फार सुंदर केलंय. इतकं सुंदर, की यांना दिवसभरात हात पोटाच्या वर न्यायची एकदासुद्धा गरज पडत नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "खांदा आखडलेला आहे. आत्ता वापरला तर मोकळा होईल. दोन-तीन महिने असाच राहिला तर मग जेवढा उचलतोय तेवढाच. कायमचा."

त्या खाली उतरताना मी त्यांना पोचवायला जायला हवं होतं. मी गेले नाही. मी कारखान्यात जाऊन फळीवर रंधा असा मारला की बाबांनी येऊन माझा हात धरला. बाबा मला लाडानं 'करवत' म्हणतात. लाडानं म्हणतात असं मी धरून चाललेय.

"काय झालं, करवत?"

"बाईंना लाकडातलं काय कळतं? म्हणे फार सोपं केलंय! मग काय, आईच्या वाटेत दगड टाकू?"

बाबांनी कानावरची पेन्सिल काढून तोंडात धरली. ते काहीतरी मापात घेत असले की असं करतात.

त्याच आठवड्यात दातांचे डॉक्टर आले. भला माणूस. कपाटावरची चादर उचलून बघत म्हणाले, "एक दात चकाचक आणि एक किडलेला, असं झालंय हो. दवाखाना पुढच्या महिन्यात उघडतोय. बाहेरच्या पॉलिशवाल्याकडून उजवं दार करून घेऊ या का?"

"जुळणार नाही," बाबा म्हणाले. "दोन हातांचं पॉलिश शेजारी शेजारी ठेवलं की आंधळ्यालाही कळतं. बाहेरचा माणूस आधी डावं दारसुद्धा खरवडून काढील, मग दोन्ही नव्यानं करील."

आई मागे जिन्यात उभी होती. आम्हाला कुणालाच ती आल्याचं कळलं नव्हतं.

"मग खरवडा," ती म्हणाली. "डॉक्टरांना किती ताटकळत ठेवायचं?"

आणि ती वर निघून गेली. डॉक्टर बिचारे चपापले. म्हणाले, घाई नाही, दवाखाना उघडण्याच्या आधीच्या सोमवारी येतो, तेव्हा बघू. पण मी आईला ओळखते. तिनं स्वतःच्या हातचं काम खरवडायला सांगितलं, म्हणजे तिनं हाताची आशा सोडून दिली होती. त्या दिवशी मी जेवले नाही. ती माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही.

त्यानंतर माझा खण अडकायला लागला.

"अगं, तुझा खण ओढला जात नाहीये," आई एका सकाळी म्हणाली. मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी धावत गेले. खरंच अडकत होता. खण बाहेर काढला, कडा घासल्या, मेण लावलं, परत लोण्यासारखा सरकायला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकला. हवेत ओल असेल म्हणून मी हवेला शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा अडकल्यावर लाकूडवाल्याला फोन करून झापलं की कसलं ओलं लाकूड दिलंस. तो बिचारा दिलगिरी व्यक्त करत राहिला.

त्यात बाबांनी फ्रिज हलवला. म्हणाले, पलंगाशी आवाज येतो. तो नेमका चौकटीच्या डाव्या बाजूला आणून ठेवला, म्हणजे खुंटीवरचा चष्मा काढायचा तर उजव्या हातानंच काढता येईल. आवाज होता तेवढाच राहिला. मी तेव्हा वैतागले, पण संशय काही आला नाही. माझं सगळं लक्ष खणाकडे होतं.

शेवटी मी तो खण खाली नेला, उजेडात उलटा केला आणि बोटांनी चाचपला. तळाला, आत खोल, पापुद्र्याएवढी पातळ पट्टी गोंदानं चिकटवलेली होती. चिकटवण्याची पद्धत मी ओळखली. ओळखणारच. मला गोंद लावायला ज्यानं शिकवलं त्याचीच ती पद्धत होती.

"बाबा!"

बाबा करवतीचे दात घासत होते. त्यांनी मान वर केली, माझ्या हातातला खण बघितला आणि पुन्हा खाली घातली.

"तुम्ही माझा खण बिघडवलात? माझा? अख्ख्या गावाचे खण नीट करता, आणि घरातला चांगला खण..."

"हळू बोल. वर ऐकू जाईल."

"जाऊ दे ऐकू!"

"नको," ते म्हणाले. त्यांनी मला स्टुलावर बसवलं. म्हणाले, "मी व्यायामाच्या बाईंकडे गेलो होतो. त्यांना विचारलं की बायको भिंत चढत नाही, मी काय करू. त्या म्हणाल्या, तिला काम द्या. हात थोडा वर जाईल, थोडा जोर लागेल असं. मग दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. मी म्हटलं, हे तर आपल्याला जमण्यासारखं आहे."

मी खणाची पट्टी अंगठ्यानं चाचपली.

"तुला वाटत असेल, खण बिघडवणं सोपं आहे. जन्मभर अडकणारे खण सोडवले गं मी. मुद्दाम अडकणारा खण करणं फार अवघड काम आहे. जास्त अडकला तर ती नाद सोडून देईल आणि गोळ्या दुसरीकडे ठेवील. कमी अडकला तर उपयोग नाही. तिनं चिडावं, पण हार मानू नये, एवढाच अडकला पाहिजे. आणि मी एवढी मेहनत करून बसवतो आणि तू येऊन मेण लावून जातेस!"

हे शेवटचं ते इतक्या तक्रारीनं म्हणाले की मला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं. बाबांनी खिशातला रुमाल दिला. त्यात भुसा होता. मी आणखी रडले.

"आईला सांगायचं नाही," ते म्हणाले. "ती हट्टी आहे. तिला कळलं की आपण तिला व्यायाम करायला लावतोय, तर डाव्या हातानं उघडील, पायानं उघडील, पण उजवा लावायची नाही."

तेव्हापासून मी त्यांच्या कटात सामील झाले, आणि सांगते, मजा आली. चहाचा डबा मी एक फळी वर सरकवला. आईनं विचारलं तर म्हटलं, खाली मुंग्या होतात. दारांची वजनं एकेक करून वाढवली. खणाची पट्टी बाबा बदलत राहिले, आधीच्यापेक्षा केसभर जाड. आणि खुंटी! ती तर बाबा दर दोन-तीन दिवसांनी, आई अंघोळीला गेली की, थोडी वर न्यायचे. नवं भोक पाडायचं, खुंटी बसवायची, खालच्या भोकात लाकडाचा तुकडा ठोकायचा, वर भुसा आणि गोंद. झालं. गडद चौकटीवर पांढरे ठिपके, एकावर एक.

"हे तिला दिसणार नाही का?" मी घाबरून विचारलं.

"कसं दिसेल? चष्मा खुंटीवर असतो. चष्म्याशिवाय तिला ठिपका दिसत नाही."

"आणि चष्मा घातल्यावर?"

"चष्मा घातला की ती कोड्याकडे वळते," बाबा आत्मविश्वासानं म्हणाले. "मी इतकी वर्षं बघतोय. माझ्याकडेही वळून बघत नाही."

मला ते पटलं नाही, आणि ठिपके बघितले की माझाच जीव खालीवर व्हायचा. म्हणून मी त्या चौकटीकडे बघायचंच सोडून दिलं. तशीही तिथं उजेडाची बोंब आहे. दिवा फ्रिजच्या मागे गेला होता.

एकच गोष्ट आम्हाला खात होती. आई काही सांगायची नाही. खांदा कसा आहे, असं विचारलं की, "आहे तसाच." व्यायामाच्या बाई आल्या की ती हात जेमतेम छातीपर्यंत न्यायची आणि थांबायची. केस विंचरायला मलाच बोलवायची. चष्मा मात्र खुंटीवर असायचा, त्यावरून हात जातोय हे कळत होतं, पण ती टाचा उंचावते, की फ्रिजवर रेलून काढते, की कसं, ते आमच्यापुढे ती कधी करायचीच नाही. एकदा मी तिच्या खणातून पेन्सिल काढायला गेले तर स्पिरिटचा वास आला. खांद्याला चोळायचं काहीतरी असेल, असं मला वाटलं. मला वाईट वाटलं, की अजून इतकं दुखतंय.

डॉक्टरांचा सोमवार जवळ आला. रविवारी दुपारी जेवणं झाली आणि बाबा माझ्याजवळ येऊन बसले. चेहरा पडलेला.

"काल तिला विचारलं, उजवं दार करून बघतेस का. नाही म्हणाली. म्हणाली, उगाच आशा लावू नका." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "मी मूर्खपणा केला. दुखऱ्या माणसाला रोज टाचा वर करायला लावल्या. खुंटी परत खाली आणू या. आणि खणाची पट्टीही काढू या. तिला आता सुखानं राहू दे."

मला त्यांच्याशी भांडायचं होतं. भांडण माझ्या हातात सहज येतं, कधीकधी त्याचाच उपयोग होतो. पण त्या दिवशी ते इतके थकलेले दिसत होते की मी फक्त उठले आणि पेटी घेतली. आई आत ओट्याशी काहीतरी खुडबुड करत होती. आम्ही चोरासारखे चौकटीपाशी गेलो. मी फ्रिज बाजूला ओढला, म्हणजे दिव्याचा उजेड पडला.

बाबांनी हात वर केला आणि तिथंच थांबले.

"तू वर नेलीस?"

"काय?"

"खुंटी."

खुंटी अगदी वर होती. डोक्याच्या वर, तिच्या जुन्या जागी, मी रांगत होते तेव्हाच्या भोकात.

"मी कशाला नेऊ? तुम्हीच नेली असेल."

"मी परवा इथं लावली होती." बाबांनी चार बोटं खाली हात ठेवला. हात ठेवला आणि तो चौकटीवर फिरवायला लागले, जशी अंधारात माणसं बटण शोधतात. "माझं भोक कुठे गेलं?"

मी वाकले. खालून बघत वर आले. कमरेपाशी पांढरा ठिपका असायला हवा होता. नव्हता. त्याच्या वर एक हवा होता, तोही नव्हता. मी नख लावून बघितलं, डोळे तिरके करून बघितलं, गाल चौकटीला टेकवून उजेडाच्या रेषेत बघितलं, तेव्हा कुठे दिसलं. प्रत्येक भोक जिथल्या तिथं होतं. प्रत्येकाला चौकटीचा रंग दिलेला होता, प्रत्येकावरून लाकडाच्या रेषा केसाच्या जाडीनं पुढे नेलेल्या होत्या, आणि वरून बोळा फिरवलेला होता. कमरेपासून छाती, छातीपासून हनुवटी, हनुवटीपासून माझ्या कपाळाच्या वरपर्यंत. खालच्या ठिपक्यांवर रेघ जरा कापलेली होती. जसजसं वर जावं तसतशी ती सरळ होत गेली होती.

"हे तुम्ही केलंत?" मी विचारलं, पण विचारतानाच मला कळलं होतं.

"मी फक्त भरलं," बाबा म्हणाले. "फक्त भरून ठेवलं होतं मी." आणि ते खुंटीखालच्या सगळ्यात वरच्या ठिपक्याकडे बोट न्यायला लागले.

"तिथं हात लावू नका," आतून आईचा आवाज आला. "ओलं आहे अजून."

ती दारात आली. डोळ्यांवर चष्मा, उजव्या हातात कापडाचा बोळा. स्पिरिटचा वास सगळीकडे पसरला.

"असे पांढरेफटक डाग टाकून ठेवता माझ्या चौकटीवर," ती म्हणाली. "काही लाज? आल्यागेल्याला काय वाटेल, या घरात पॉलिशवाली राहते की मेली?"

"कधीपासून कळलं तुला?" बाबांनी कसंबसं विचारलं.

"पहिल्या डागापासून. आधी वाटलं, मीच खुजी होत चाललेय. मग चष्मा घातला, आणि कोड्याकडे वळायच्या आधी जरा चौकटीकडे बघितलं." हे तिनं मुद्दाम ठासून म्हटलं. म्हणजे ते बोलणंही तिनं ऐकलं होतं. "डाग दिसल्यावर मला झोप येईना. खालच्यापर्यंत हात पोचत होता, तो केला. मग तुम्ही वर दुसरा टाकून ठेवलात. मग तिथवर पोचावं लागलं. दुखायचं. डोळ्यांतून पाणी यायचं. पण तसाच ठेवणार होते का डाग? आज शेवटचा भरला आणि खुंटी मीच जुन्या जागी नेली."

"मग सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. "आम्ही इथं काळजीनं मरतोय, आणि तू बाईंसमोर हात छातीशी थांबवतेस! परवा मला केस विंचरायला लावलेस!"

"ते मला आवडतं म्हणून." ती जरा थांबली. मग बाबांकडे बघत, जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आणि सांगून ठेवलं असतं आणि वरपर्यंत जमलं नसतं तर? तुमची दोघांची तोंडं बघवली नसती मला. शिवाय या माणसानं जन्मात कधी वाईट काम केलं नाही. माझ्यासाठी चोरून वाईट काम करत होता. मी कशाला मोडता घालू?"

बाबांनी चेहरा चौकटीकडे वळवला. ते लाकूड तपासतायत असं त्यांना दाखवायचं होतं, पण त्यांचे खांदे हलत होते. आईनं डाव्या हातानं त्यांच्या पाठीवर थोपटलं. उजव्या हातात बोळा होता आणि बोळा ती कधी खाली ठेवत नाही.

"उद्या डॉक्टर आले की सांगा," ती म्हणाली. "म्हणावं, डावं दार खरवडायचं नाही. उजवं दार उतरवून उभं करून ठेवा माझ्यासाठी. सावकाश करीन, पण मीच करीन. आणि तू," हे मला, "माझ्या खणाला मेण लावायचं नाही. आता कुठे तो मला सवयीचा झालाय."

मग तिनं बोळा माझ्या हातात दिला, चष्मा काढला आणि उजवा हात वर न्यायला लागली. छातीपर्यंत सहज गेला. हनुवटीपाशी ती थांबली. खांद्यातून कट असा बारीक आवाज आला आणि तिनं ओठ दाबून धरले. माझा हात आपोआप पुढे गेला. बाबांनी माझं मनगट पकडलं, घट्ट, आणि सोडलं नाही.

हात कपाळापर्यंत गेला, कपाळाच्या वर गेला. ओल्या ठिपक्याला चुकवून तिनं चष्म्याची दोरी खुंटीत अडकवली. आम्ही दोघं शेजारी उभे होतो आणि कुणीही तिला मदत केली नाही.